सिस्टरला नाव असतं

पेशंट घरी जातो तेव्हा त्याच्या हातात डिस्चार्ज कार्ड असतं. त्यावर डॉक्टरांचं नाव, युनिट, गोळ्या, पुन्हा कधी दाखवायचं ती तारीख, सगळं असतं. ज्या सिस्टरने अकरा रात्री त्याला कुशीवर वळवलं, तिचं नाव कुठेच नसतं. नातेवाईकही ‘सिस्टर, सलाईन संपलं’ एवढंच म्हणत राहिलेले असतात. आम्ही परिचारिका, प्रसविका, एएनएम, लॅब टेक्निशियन, क्ष-किरण तंत्रज्ञ, फिजिओथेरपिस्ट आज एकत्र येऊन जाहीर करतो, की आमचं उत्तम काम यापुढे नावानिशी नोंदवलं जाईल. इतर कोणी नोंदवलं नाही तर आम्ही नोंदवू.

अरुणा शानबाग हे नाव साऱ्या देशाला ठाऊक आहे. त्या मुंबईच्या केईएम रुग्णालयात परिचारिका होत्या. २७ नोव्हेंबर १९७३ रोजी तिथेच त्यांच्यावर हल्ला झाला आणि १८ मे २०१५ ला जाईपर्यंत त्या तिथेच अंथरुणाला खिळून होत्या. इतक्या वर्षांत त्यांना बेडसोर होऊ दिला नाही, म्हणून केईएमच्या परिचारिकांचं सर्वोच्च न्यायालयानेही २०११ च्या निकालात कौतुक केलं. बेडसोर न होणं म्हणजे काय, हे ज्याने माणूस उचललाय त्यालाच कळतं. दर दोन तासांनी कूस बदलायची. टाचा, माकडहाड, खांद्याचं हाड बोटांनी चाचपायचं. अंग कोरडं ठेवायचं. चादरीला एक चुणी राहिली तरी कातडी लाल होते. हे जवळपास ४२ वर्षं झालं. ते करणाऱ्या किती जणींची नावं आपण सांगू शकतो?

त्याच १९७३ साली केंद्र सरकारने राष्ट्रीय फ्लॉरेन्स नाइटिंगेल पुरस्कार सुरू केला. ज्यांना तो मिळाला त्यांचा आम्हाला अभिमान आहे. पण देशभरातून दरवर्षी मोजक्याच जणी तिथवर पोचतात, आणि लॅब टेक्निशियन किंवा फिजिओथेरपिस्ट तर त्या यादीत बसतच नाही. मुंबईच्या कामा रुग्णालयातल्या परिचारिका अंजली कुलथे यांनी २६ नोव्हेंबर २००८ च्या दहशतवादी हल्ल्याच्या रात्री २० गरोदर बायकांना सुरक्षित ठेवलं. त्यांचं नाव आपल्याला कळलं, कारण त्या रात्री दारात बंदुका होत्या. साध्या रात्रीही लेबर रूममध्ये जीव वाचतात. त्यांची बातमी होत नाही.

डेंगीच्या दिवसांतलं एक काम सांगतो. मशीन प्लेटलेट १८ हजार दाखवतं, घरचे रक्तपेढीकडे धावायच्या बेतात असतात. टेक्निशियनला आकडा पटत नाही. तो स्लाइड करतो, सूक्ष्मदर्शकाखाली पाहतो, तर प्लेटलेट नळीतल्या औषधाने एकमेकींना चिकटलेल्या. दुसऱ्या नळीत रक्त घेऊन पुन्हा मोजतो, आकडा ठीक निघतो. न लागणारी पिशवी टळली. रिपोर्टवर या पाच मिनिटांचा उल्लेख नसतो. अशा अनेक शाखांसाठी देशपातळीवर एक आयोग नेमणारा कायदा २०२१ साली झाला. कायद्याने दर्जा दिला, आता वॉर्डाने मान द्यावा.

आणि मान म्हणजे १२ मेला, परिचारिका दिनी, मिळणारा गुलाब नव्हे. सव्वा किलोच्या बाळाच्या हातात शीर सापडायला हाताला वर्षं जावी लागतात. तसा हात तयार झाला, की नेमकी फिरत्या ड्यूटीत ती सिस्टर केसपेपरच्या खिडकीवर जाते आणि बाळ नवख्या हातात येतं. हे आम्ही डोळ्यांनी पाहिलंय आणि याचाच आम्हाला सर्वांत जास्त राग आहे. म्हणून आमची पहिली मागणी बक्षिसाची नाही. ज्याचं कौशल्य सिद्ध झालंय त्याला त्या कामावर राहू द्या, शिकवायला लावा, आणि बढतीत ते मोजा. डिस्चार्ज कार्डावर परिचारिकेचं नाव छापा, रिपोर्टवर टेक्निशियनचं. कोण उत्तम, हे शेजारच्या पाळीतल्या माणसांना आणि पेशंटला विचारा. ज्यांना अर्ज लिहिता येत नाही, शिफारस मागायला लाज वाटते, त्यांच्यातच चांगली माणसं जास्त असतात. उपकेंद्रावरची एएनएम ताई लसीचा डबा खांद्याला लावून पाड्यावर जाते. तिच्याकडे आपण स्वतः जायचं.

५ मे, प्रसविका दिनापासून प्रत्येक वॉर्डात एक वही ठेवायची. साधी, रेघांची. पहिली नोंद झालीये. पहाटे ३.४०. प्रसूती होऊन वीस मिनिटं. सगळे चहाला गेलेले, सिस्टर मात्र आईच्या पोटावर हात ठेवून बसलेली. गर्भाशय हाताखाली सैल लागलं. चादर भिजायच्या आत तिने चोळायला घेतलं, आवाज दिला, औषध सुरू झालं. आई सकाळी बाळाला पाजत होती. नोंदीखाली सिस्टरने आपलं पूर्ण नाव लिहिलं. आधी फक्त आद्याक्षरं लिहिली होती. आम्ही वही परत तिच्यापुढे सरकवली.