यंत्राची निगा : थंडीत टायर बसला – हवा आकसली की गळाली?



मार्गशीर्ष लागला, ऊसवाहतुकीला जोर चढला, की ट्रॅक्टर असलेल्या घरांतून एक तक्रार हमखास ऐकू येते – "काल दुपारी हवा भरली आणि आज सकाळी टायर बसलेला!" मग कोणी पंक्चरवाल्याला बोल लावतो, कोणी थेट नवी ट्यूब घेऊन येतो. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी! हवा थंडीने आकसली की खरोखर गळाली, हे आधी ओळखावे. त्याला पैसा लागत नाही.

थंडीने हवा आकसते आणि दाब आपोआप उतरतो. दुपारी 30 अंश तापमानात भरलेली हवा पहाटे 10 अंशांवर आली, तर पुढच्या टायरातले 30 पौंड सुमारे 27 होतात, मागच्यातले 12 पौंड 10 वर येतात आणि ट्रॉलीतले 60 पौंड 55 वर. भोक मात्र एकही नसते. निफाडकडे थंडीच्या लाटेत पारा 5-6 अंशांपर्यंत उतरतो. तिथे घट आणखी मोठी. म्हणून या दिवसांत हवा सकाळीच, गाडी हलवण्यापूर्वी मोजावी आणि ट्रॅक्टरच्या पुस्तिकेत दिलेला दाब तेव्हाच पुरा करावा. दुपारी चालून तापलेल्या टायरात दाब वाढलेला दिसला, तरी हवा सोडू नये.

आता गळतीची परीक्षा. सगळ्या चाकांची हवा सकाळी मोजून आकडे खडूने भिंतीवर लिहून ठेवावेत. पुढचे दोन दिवस त्याच वेळी पुन्हा मोजावी. सगळीच चाके गारठ्याच्या दिवशी थोडी उतरली आणि उबदार दिवशी सावरली, तर तो थंडीचा खेळ. एकच चाक रोज उतरत असेल, तर ती गळती.

गळती शोधताना सोप्यापासून सुरुवात करावी.

1. व्हॉल्व. टोपण काढून तोंडावर साबणाचे पाणी लावावे. बुडबुडा फुगला तर आतली पिन घट्ट करावी. तरी थांबला नाही तर पिन बदलावी. थंडीत रबर कडक होते, त्यामुळे जुन्या पिनेचे रबर नीट बसत नाही. टोपण कधी हरवू देऊ नये. पिनेत धूळ गेली की गळती ठरलेलीच.

2. व्हॉल्व तिरपा झाला आहे का? हवा कमी असताना जड ओढकाम केले, तर टायर रिमवर सरकतो आणि ट्यूबचा व्हॉल्व मुळाशी फाटतो. टायर आणि रिम यांवर मिळून एक खडूची रेघ मारावी. दिवसभराच्या कामानंतर रेघ तुटलेली दिसली, तर टायर सरकतो आहे असे समजावे.

3. काटा. बाभळीचा काटा आत मोडून राहतो आणि हवा हळूहळू जाते. ट्यूब थोडी फुगवून जनावरांच्या हौदात बुडवावी. भोक सापडले की टायरच्या आतून फडके फिरवावे. उघडा हात फिरवू नये. काट्याचे टोक तसेच राहिले, तर नवा पॅच दुसऱ्याच दिवशी वाया जातो.

मागच्या टायरात पाणी भरलेले असेल, तर व्हॉल्व वरच्या बाजूला आणून मगच हवा मोजावी. अशा टायरात हवेला जागा थोडी असते, म्हणून बारीकशा गळतीनेही दाब लवकर उतरतो. व्हॉल्वभोवती किंवा रिमच्या कडेला ओल दिसली, तर गळतीचा माग तिथेच लागतो. पाणी भरलेले चाक फार जड असते. ते घरी उतरवण्याच्या भरीस पडू नये.

एक इशारा. मागच्या टायरची कड रिमवर बसत नाही म्हणून 35 पौंडांच्या वर हवा मारू नये. कड तुटली तर जवळचा माणूस जिवानिशी जातो. हवा भरताना चाकासमोर न थांबता बाजूला, लांब उभे राहावे आणि मुलांना जवळ येऊ देऊ नये.

बहुतेक ट्रॅक्टरांच्या मागच्या आसाला स्प्रिंग नसते. खड्ड्यांचे हादरे टायरातली हवाच झेलते. ट्रॉलीचे तर सारे वजनच तिच्यावर. उसाने शिगोशीग भरलेल्या ट्रॉलीचे एका बाजूचे चाक बसले, की भार त्या बाजूला झुकतो आणि वळणावर किंवा साइडपट्टीवर ट्रॉली उलटते. मोळ्यांवर बसलेली माणसे आणि शेजारून जाणारा सायकलवाला यांना सावरायला वेळच मिळत नाही. तेव्हा दाब मोजायचे मीटर घरात असू द्यावे. घरातल्या शिकत्या मुला-मुलींपैकी एकाकडे रोज सकाळी आकडे लिहिण्याचे काम सोपवावे आणि भिंतीवरचा आकडा पाहिल्याशिवाय ट्रॉली फडावर नेऊ नये.