शुद्ध म्हणजे काय रे भाऊ?

‘शुद्ध’ हा शब्द लायसन्सशिवाय वापरायला बंदी घालावी, असं माझं ठाम मत झालंय. शुद्ध तूप, शुद्ध पाणी, शुद्ध मराठी, शुद्ध रक्त... हा शब्द कानावर पडला की आपण डोकं बाजूला ठेवतो आणि मान डोलवायला लागतो.

माझं म्हणणं सोपं आहे. ‘शुद्ध’ हे अर्धं वाक्य आहे. ‘कशापासून?’ आणि ‘कशासाठी?’ ही दोन उत्तरं जोडल्याशिवाय त्याला अर्थ नाही. विज्ञानात तर नाहीच नाही.

आमच्या शहाडचंच घ्या. इथे रेयॉनचा कारखाना आहे. रेयॉन बनतं लाकडाच्या लगद्यापासून, आणि त्या लगद्यात ९० टक्क्यांच्या वर सेल्युलोज लागतं. बाकीचं, विशेषतः लिग्निन, काढून टाकावं लागतं. आता लिग्निन म्हणजे काय, तर झाडाला ताठ उभं ठेवणारं द्रव्य! केमिकल इंजिनिअरची अशुद्धी हा झाडाचा कणा असतो. दोघंही आपापल्या जागी बरोबर.

इलेक्ट्रॉनिक्सवाल्यांची तर गंमतच. चिपसाठी सिलिकॉन लागतं ९९.९९९९९९९ टक्के किंवा त्याहून शुद्ध. एवढा आटापिटा करून पुढे काय करतात? त्यात मोजूनमापून बोरॉन नाहीतर फॉस्फरस मिसळतात. नुसत्या शुद्ध सिलिकॉनचा ट्रान्झिस्टर होत नाही. आमच्या धंद्यातही ‘शुद्ध फंक्शन’ असतं: तेच इनपुट दिलं की तेच आउटपुट, बाहेर कशालाही हात लावायचा नाही. पण स्क्रीनवर साधं एक अक्षर छापणं हीसुद्धा या व्याख्येत अशुद्धीच. म्हणजे निव्वळ शुद्ध प्रोग्राम काय करतो ते कुणालाच कळणार नाही!

आता पाणी. उल्हास नदी शहाडवरून वाहते आणि इथून उचललेलं पाणी ठाणे-भिवंडीपर्यंत जातं. हे पाणी ‘शुद्ध’ करताना त्यात क्लोरीन घालतात. भारतीय मानकाप्रमाणे नळापर्यंत पोचल्यावरही लिटरमागे निदान ०.२ मिलिग्रॅम क्लोरीन शिल्लक असावा लागतो. केमिस्टच्या हिशेबात ही भेसळ आहे, पण पिणाऱ्याच्या पोटासाठी हीच शुद्धी.

आणि इथेच तो टाय लावलेला सेल्समन आपल्या सोसायटीत शिरतो. एका ग्लासात नळाचं पाणी, दुसऱ्यात मशीनचं. दोन्हींत तारा सोडतो. नळाचं पाणी गढूळ तपकिरी होतं आणि काकू किंचाळतात. खरं काय होतं? पाण्यातल्या क्षारांमुळे वीज वाहते आणि तारेच्या टोकाचं लोखंडच झिजून पाण्यात उतरतं. मशीनच्या पाण्यात क्षार नसल्यासारखेच, म्हणून वीज वाहत नाही आणि घाण दिसत नाही. चिमूटभर मीठ टाका, तेही तपकिरी होईल. त्याचा टीडीएस मीटरही विरघळलेले क्षारच सांगतो, जंतूंबद्दल एक अक्षर बोलत नाही. मानकात टीडीएसची स्वीकारार्ह मर्यादा ५०० आहे, आणि राष्ट्रीय हरित लवादाने २०१९ मध्ये त्याहून कमी टीडीएस असेल तिथे आरओवर बंदी घालायला सांगितलं होतं. जिथे बोअरचं पाणी खारं आहे, फ्लोराइड आहे, तिथे आरओ हवंच. पण ‘कशापासून?’ हा प्रश्न न विचारता घेतलेलं मशीन पिण्याच्या एका ग्लासामागे दोन-तीन ग्लास मोरीत ओततं.

सेल्समन निदान मशीनच विकतो. हाच शब्द आपल्याकडे माणसांवरही चालवला गेलाय, तोही पाण्याच्याच काठावर. २० मार्च १९२७ ला महाडच्या चवदार तळ्यावर डॉ. आंबेडकर आणि त्यांच्याबरोबरचे हजारो लोक पाणी प्यायले. त्यानंतर सनातन्यांनी तळ्याचं ‘शुद्धीकरण’ केलं. कशाने? शेण, गोमूत्र, दूध, दही पाण्यात ओतून! ई-कोलायची चाचणी असते ती पाण्यात विष्ठा मिसळलीय का हे बघायलाच. म्हणजे जगातल्या कुठल्याही प्रयोगशाळेने ज्याला प्रदूषण म्हटलं असतं, त्याला इथे शुद्धी म्हटलं गेलं. कारण ‘कशापासून?’चं खरं उत्तर होतं ‘माणसांपासून’, आणि ‘कशासाठी?’चं उत्तर होतं ‘आमची पायरी वर राहावी म्हणून’. त्या तळ्यावरचा हक्क हायकोर्टात कायम व्हायला १९३७ उजाडलं.

‘हे सगळं जुनं झालं’ म्हणणाऱ्यांनी आपल्या सोसायटीतली स्वयंपाकघरं बघावीत. भिंतीवर सात टप्प्यांचं आरओ, आणि खिडकीत कामवाल्या मावशींसाठी वेगळा कप. इंजिनिअरिंगची डिग्री घेतलेली माणसं आहोत आपण! तो कप कुठल्या जंतूपासून संरक्षण करतो, कुठल्या मानकात बसतो, किती मिलिग्रॅमची मर्यादा आहे, सांगा ना. सांगता येणार नाही, कारण मोजण्यासारखं तिथे काही नाहीच.

असो. मशीन घ्यायचं की नाही ते पाण्याचा रिपोर्ट बघून ठरवा. कपासाठी मात्र रिपोर्टची वाट बघायची गरज नाही. उद्या सकाळी मावशी आल्या की आपल्यातल्याच कपात चहा द्या, म्हणजे झालं.