विज्ञानकथांचीं नांवें

आमच्या ग्रंथालयांतून मुलांनीं घरीं नेलेलें एखादें पुस्तक दुसऱ्याच दिवशीं परत येतें; पालकांनीं नुसतें नांव वाचून तें भुताखेतांचें ठरविलेलें असतें. डॉ. जयंत नारळीकर यांच्या ‘अंतराळातील भस्मासुर’चें असेंच झालें. म्हणून या नांवांविषयीं चार शब्द लिहावेसे वाटतात.

पूर्वीं अशा नांवांत प्रवास असे. ‘केरळ कोकिळ’ मासिकांत १९०० च्या सुमारास ज्यूल व्हर्नची चंद्राची कादंबरी ‘चंद्रलोकची सफर’ म्हणून आली, पुढें भा. रा. भागवतांनीं व्हर्न मुलांस दिला तो ‘चंद्रावर स्वारी’ म्हणून. सफर करणारा पाहून परततो, स्वारीस निघालेला जिंकावयास जातो. मराठी कानास दुसरा शब्द अधिक गोड लागला, यांत नवल काय!

१९६९ सालीं मनुष्य खरोखरच चंद्रावर उतरला. नंतरच्या पुस्तकांवर पुराणांतलीं नांवें आलीं. ‘यक्षांची देणगी’, ‘वामन परत न आला’ हीं नारळीकरांचींच. आमच्या सोलापुरांत एका वर्गांत मराठी, कानडी, तेलुगू घरांतलीं मुलें शेजारीं बसतात. यक्ष म्हटलें कीं बहुतेकांस अर्थ कळतो, परग्रहवासी म्हटलें तर समजावून सांगावें लागतें. मात्र कित्येक वाचक येथेंच घसरतात. कादंबरींतला वामन हें मनुष्यानें घडविलेलें बुद्धिमान यंत्र आहे. लहानसें रूप त्रिभुवन व्यापतें, एवढीच कल्पना लेखकानें उसनी घेतली. तेवढ्यावरून आपल्या पूर्वजांजवळ अशीं यंत्रें होतीं, असा सिद्धांत मुलांच्या गळीं उतरविणें आम्हांस मुळींच मान्य नाहीं. (गंमत अशी कीं, याच कादंबरीचा इंग्रजी अवतार ‘द रिटर्न ऑफ वामन’ आहे, मराठींत न आलेला वामन इंग्रजींत परततो!)

‘प्रेषित’ या नांवानें ख्रिस्ती घरांत वेगळीच आठवण होते. ‘प्रेषितांचीं कृत्यें’ तेथें रोजच्या वाचनांतलीं. पण दूर कोठून तरी पाठविलेला, हा मूळ अर्थ दोहींकडे एकच.

इंग्रजी शब्दांचा मात्र कित्येकांस राग येतो. ‘टाईम मशीनची किमया’ या नांवांत तर इंग्रजीच्या शेजारीं आपली जुनी किमया बसली आहे. आम्हांस ती जोडी आवडते. ‘व्हायरस’ला विषाणु कां म्हटलें नाहीं, असें एका पालकांनीं विचारलें. ती कादंबरी संगणकांच्या बिघाडाची आहे. वर ‘विषाणु’ छापलें असतें, तर घरोघर आधीं डॉक्टर आठवला असता.