लिंकनच्या आईचा कुलशोध

कुलवृत्तान्त जुळविणाऱ्यास एक अनुभव हटकून येतो. पुरुषांचीं नांवें सात-आठ पिढ्यांपर्यंत सांपडतात. पण घरांत आलेल्या सुनेचें माहेर विचारलें कीं वंशवृक्षाची फांदी तेथेंच खुंटते. अमेरिकेंतही याहून वेगळें नाहीं. अब्राहम लिंकनची आई नॅन्सी हँक्स हिची गोष्ट त्या दृष्टीनें वाचण्यासारखी आहे.

लिंकनचें घराणें शेतकऱ्याचें. त्याचा आजा १७८६ मध्यें केंटकींत शेतावर असतां तेथील मूळ रहिवाशांच्या हल्ल्यांत मारला गेला. आजाचा धाकटा मुलगा थॉमस बापावांचून वाढला, सुतारकाम शिकला आणि नॅन्सीशीं लग्न करून हार्डिन काउंटींत संसार करूं लागला. १८०७ मध्यें त्यांस सेरा ही मुलगी झाली व १८०९ मध्यें अब्राहम. पुढें जमिनीच्या मालकीचे तंटे व गुलामगिरीविषयींची नावड यांमुळें १८१६ मध्यें तें कुटुंब इंडियानांत गेलें. दोनच वर्षांत नॅन्सी वारली. रानांतील एक पांढऱ्या फुलांचें विषारी झुडूप गाई खात, तें विष दुधांत उतरे, आणि तें दूध पिणारें माणूस थोड्याच दिवसांत दगावे. त्या वेळीं हें कारण कोणास ठाऊक असणार? अब्राहम तेव्हां नऊ वर्षांचा होता.

अशा बाईचा माग काढावा कसा? अमेरिकेंत १७९० पासून दर दहा वर्षांनीं खानेसुमारी होते खरी. परंतु १८४० पर्यंतच्या तक्त्यांत नांव फक्त कुटुंबप्रमुखाचें, बाकीच्यांची नुसती संख्या. घरांतील प्रत्येक स्वतंत्र माणसाचें नांव १८५० पासून लिहूं लागले. ‘स्वतंत्र’ हा शब्द येथें महत्त्वाचा आहे, कारण गुलामगिरींतून सुटलेल्या बहुतेकांचीं नांवें त्या तक्त्यांत प्रथम आलीं तीं १८७० मध्यें. नॅन्सी तर १८५० च्या बत्तीस वर्षें आधींच गेलेली!

तिचा मुलगा राजकारणांत मोठा झाला, आणि त्याच्या आईबापांचें लग्न झालेंच नव्हतें अशी कुजबूज लोकांत पसरली. संसार हार्डिन काउंटींत झाला म्हणून तेथील दप्तरांत शोध झाला. लग्नाची नोंद कांहीं सांपडेना. १८६५ मध्यें लिंकनचा खून झाला, तरी कुजबूज थांबली नाहीं. अखेर १८७८ मध्यें शेजारच्या वॉशिंग्टन काउंटीच्या दप्तरांत ती नोंद मिळाली. लग्न १२ जून १८०६ रोजीं जेसी हेड या धर्मोपदेशकानें लाविलें होतें, आणि त्याआधीं दोन दिवस थॉमसनें जामिनासह ५० पौंडांचा मुचलका लिहून दिला होता. या विवाहास कायद्याची आडकाठी नाहीं, अशी ती हमी होती. नॅन्सी लग्नापूर्वीं त्या काउंटींत नातलगांकडे राहत होती. लग्न मुलीच्या घरीं लागतें ही गोष्ट आपल्यांकडील कोणत्याही आजीबाईनें तत्काळ सांगितली असती. दप्तरें चाळणाऱ्यांस मात्र ती सुचली नाहीं.

आणखी एक वाद उरला होता तो नॅन्सीच्याच जन्माचा. लिंकनचा वकिलींतील भागीदार हर्नडन यानें १८८९ च्या चरित्रांत ती लूसी हँक्सची अनौरस कन्या असल्याचें लिहिलें. अनेकांस तें रुचलें नाहीं, व कांहीं संशोधकांनीं तिला दुसरीच आई देऊन पाहिली. आईकडून मुलीकडे उतरणाऱ्या जनुकद्रव्याची तपासणी मातृकुलांतील हयात वंशजांच्या साह्यानें झाली, आणि २०१५ मध्यें निष्कर्ष जाहीर झाला कीं ती लूसीचीच मुलगी. ही तपासणी आईपुरतीच बोलते. बापाचें नांव तींतून निघत नाहीं. तो रकाना कोरा ठेवणें हेंच मला प्रामाणिकपणाचें वाटतें. सोयीचें नांव घालून तो भरण्याचा मोह आपल्यांकडील कुलवृत्तान्तकारांसही पुष्कळदां पडलेला आहे.

इंडियानांतील तिच्या कबरेवर १८७९ मध्यें पीटर स्टुडबेकर या गाड्यांच्या कारखानदारानें शिळा बसविली. तिच्यावर मृत्यूची तारीख ५ ऑक्टोबर १८१८ व वय ३५ असें कोरलें आहे. जन्मतारीख ५ फेब्रुवारी १७८४ मानली जाते, त्या हिशेबानें वय ३४ येतें. शिळा मृत्यूनंतर ६१ वर्षांनीं बसली, हें टिपण घेणाऱ्यानें समासांत लिहून ठेवावें.