नाइलाजाची सहिष्णुता

गर्दीत माणसं एकमेकांना सहन करतात ती नाइलाजाने, त्यात कौतुक कसलं, असं एका विद्वान वक्त्याने नुकतंच सुनावलं. खरी सहिष्णुता म्हणे संवादातून येते. परस्परांचे ग्रंथ वाचावेत, सण समजून घ्यावेत, मग मन विशाल होतं. म्हणजे सकाळची फास्ट लोकल पकडण्याआधी आम्ही तौलनिक धर्मशास्त्र उरकून घ्यायचं!

नाइलाजाचा मुद्दा फार शहाणा वाटतो, म्हणून तो आधी घेतो. तिघांच्या बाकावर चौथा टेकायला येतो, "जरा सरका" म्हणतो. एकजण सरकतो, दुसरा झोपेचं सोंग घेतो. नाइलाज दोघांचाही सारखाच. मग वागणं वेगळं का?

बरं, नाइलाज नेमका कुणाचा? ठाण्याच्या टेंभी नाक्यावर या. एवढ्याशा परिसरात १७८० सालची पारशांची अग्यारी, बेने इस्रायली ज्यूंचं १८७९ सालचं सिनेगॉग, जैन मंदिर, आणि १९७८ पासून नवरात्रातली देवी. ज्यूंचा तिश्री आणि आपला आश्विन, दोन्ही महिने चांद्र. अधिक महिन्याने गणित चुकवलं नाही तर दोन्ही एकाच अमावास्येच्या आगेमागे सुरू होतात. योम किप्पूर तिश्रीच्या दहाव्या दिवशी येतो. २०२२, २०२४ आणि २०२५, तिन्ही वर्षी तो नेमका दसऱ्याला आला. पाण्याचा थेंबही न घेता दिवसभर प्रार्थना करायची, असा तो उपास. बाहेर सीमोल्लंघनाचा थाट. त्यावरून नाक्यावर तंटा झाल्याचं मी तरी ऐकलेलं नाही. मूठभर बेने इस्रायलींचा नाइलाज असेल, मान्य. पण दसरेकऱ्यांकडे तर संख्या होती! त्यांना कसला नाइलाज? आणि त्यांतल्या किती जणांनी तोरा हा ज्यूंचा धर्मग्रंथ वाचला होता, हे वक्त्यांनीच मोजावं.

ही सहिष्णुता नव्हे, उदासीनता आहे, हा वक्त्यांचा दुसरा आक्षेप. असेना. अनोळखी माणसाने माझ्यात फार रस घेऊ नये, अशीच माझी इच्छा आहे. सणांतल्या लाउडस्पीकरचा त्रास होतो, हा त्यांचा मुद्दा मात्र बरोबर. तो पोलिसांकडे न्यावा, तत्त्वज्ञानाकडे नको.

गर्दीवरून असाच वाद डोंबिवलीत पूर्वीही झडला. बाहेरच्यांनी गर्दी केली, शेजार संपला, अशी ओरड होती. ओरडणारे एका पिढीमागे रत्नागिरीहून आलेले. पेणकर, रोहेकर ही आडनावं लावणारे बेने इस्रायली तरी ठाण्यात कुठून आले? त्याच कोकणातून.

माझं म्हणणं छोटं आहे. गर्दीतली सहिष्णुता ही सवय आहे, आणि ती सरकून सरकूनच लागते. आधी जागा द्यायची. ओळख झाली तर झाली. वक्त्यांनी पुढच्या व्याख्यानाला संध्याकाळच्या कल्याण लोकलने यावं, आणि ठाण्याला कुणी "जरा सरका" म्हटलं तर सरकावं. ग्रंथ घरी गेल्यावर वाचता येतील.