खेळणं म्हणे!

मंडळी, बऱ्याच दिवसांनी लिहितोय आणि जरा चिडूनच लिहितोय. सांभाळून घ्या.

आमच्या नातेवाइकांत एक मत अधूनमधून डोकं वर काढतं. "जुगार काय, धर्मराजापासून चालत आलाय. गोव्यासारखे कॅसिनो इकडेही काढावेत, सरकारला महसूल मिळेल. आणि स्लॉट मशीन तर काय, नुसतं खेळणं!"

गंमत म्हणजे कागदोपत्री ते खरंच खेळणं आहे. आमच्या न्हावा शेव्यात कस्टमच्या कागदांत ज्यांचा दिवस जातो, त्यांना विचारा. टॅरिफचं ९५ वं प्रकरण खेळणी आणि खेळाच्या साहित्याचं. त्यात ९५०४ ३० या क्रमांकाखाली नाणी, नोटा, टोकन टाकून चालणारे खेळ येतात. म्हणजे मॉलमधली पोरांची मोटार आणि लास वेगासचं स्लॉट मशीन एकाच ओळीत! ड्यूटी लावायला हे ठीक आहे हो, पण आपल्याही डोक्यात तेच वर्गीकरण बसलंय ही खरी पंचाईत.

या यंत्राचा इतिहास बघा, तो निम्मा नावं बदलण्याचाच इतिहास आहे. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी सॅन फ्रान्सिस्कोत चार्ल्स फे नावाच्या कारागिराने तीन चाकांचं 'लिबर्टी बेल' बनवलं. पुढे अमेरिकेत बंदी येऊ लागली, तर यंत्रवाले म्हणाले, हे तर च्युइंगम विकायचं यंत्र! चाकांवरची फळांची चित्रं त्याच काळातली. आपल्याकडे गोव्याच्या १९७६ च्या जुगारविरोधी कायद्यात १९९२ साली दुरुस्ती झाली आणि पंचतारांकित हॉटेलांना मोकळीक मिळाली. कशाची? तर 'इलेक्ट्रॉनिक करमणूक/स्लॉट मशीन'ची. मध्ये नुसती एक तिरकी रेघ! महाराष्ट्रानेही १९७६ साली कॅसिनोचा कायदा केला होता. तो कधी अंमलात आलाच नाही आणि २०२३ मध्ये रद्द झाला. पण म्हणून यंत्र थांबलं का? 'व्हिडिओ गेम पार्लर'ची पाटी लावलेल्या गाळ्यांवर पोलिसांच्या धाडी पडल्याच्या बातम्या आपण किती वर्षं वाचतोय! आणि आता ते मोबाइलमध्ये 'गेम' होऊन बसलंय.

यावर हमखास येणारा प्रश्न: मग मटका काय वेगळा होता?

मटक्याचं कौतुक मला अजिबात नाही, त्याने घरंच्या घरं धुऊन नेली. पण त्याचं गणित उघडं होतं. दहा आकडे, एकेरी आकडा लागला तर रुपयाला नऊ. दहावा रुपया कोणाचा, हे चौथीतलं पोरही सांगेल. शिवाय ओपन लागेपर्यंत, मग क्लोज लागेपर्यंत थांबावं लागे. तेवढ्यात माणूस घरी जाई, जेवे, कुणाच्या तरी शिव्या खाई, क्वचित शुद्धीवरही येई.

यंत्राने या दोन्ही गोष्टी काढून घेतल्या. १९६० च्या दशकात बॅली कंपनीचं 'मनी हनी' आलं. चाकं विजेवर फिरू लागली, मोठ्या रकमाही आपोआप पडू लागल्या आणि बाजूचा दांडा हळूहळू शोभेचा झाला. १९८४ साली इंगे टेलनेस यांना एक पेटंट मिळालं आणि डोळ्यांना दिसणारं चाकही खोटं झालं. निकाल आत संगणक ठरवतो, चाक तो फक्त दाखवतं. समजा, दिसणाऱ्या चाकावर २२ जागा आहेत, पण आतल्या हिशेबात ६४. तीन चाकांची तुम्हाला वाटणारी शक्यता १०,६४८ त एक, आणि खरी २,६२,१४४ त एक! वर "अरेरे, थोडक्यात हुकलं" असं वाटावं म्हणून मोठ्या बक्षिसाच्या चित्राशेजारच्या जागा जास्त वेळा आणता येतात. याला नशीब म्हणायचं? मी याला हिशेबातली लबाडी म्हणतो.

नताशा डाऊ शुल या संशोधिकेने लास वेगासच्या या यंत्रांवर २०१२ साली पुस्तक लिहिलं. त्यात खेळणारे सांगतात की आता आम्ही जिंकायला खेळत नाही, खेळत राहता यावं म्हणून खेळतो. महसूल महसूल म्हणतात तो या माणसांच्या खिशातून येतो, मंडळी!

आमच्या भागाला तर हे मुळीच परवडणारं नाही. १९८४ च्या जानेवारीत इथल्या पाच जणांनी जमिनीच्या न्याय्य मोबदल्यासाठी गोळ्या झेलल्या, तेव्हा कुठे साडेबारा टक्क्यांची वाट मोकळी झाली. १९८९ ला बंदर सुरू झालं. जमीन एकदाच जाते, तिचा पैसाही एकदाच येतो. तो बोटाच्या एका टिचकीसरशी जावा? मटक्याला निदान टपरीपर्यंत चालत जावं लागे, गावाला दिसे. पांघरुणातला मोबाइल कुणाला दिसणार?

ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने ऑनलाइन पैशांच्या खेळांवर बंदीचा कायदा केला. त्यातली मला आवडलेली गोष्ट म्हणजे 'कौशल्य की नशीब' हा शब्दांचा खेळच त्याने बाजूला ठेवला. पैसे लावले की बंदी. अंमलबजावणी कशी होते हा वेगळा लेख. यंत्र पुन्हा नवं नाव शोधेल, याबद्दल मात्र मला शंका नाही.

म्हणून माझा हट्ट एवढाच की निदान आपल्या घरात तरी त्याला 'गेम' म्हणू नका. पोरगं "गेम खेळतोय" म्हणालं की आई निश्चिंत होते. "जुगार खेळतोय" म्हटलं तर ती मोबाइल काढून घेईल. एका शब्दाने एवढा फरक पडतो.

असो. कॅसिनोवाल्या काकांनी रागावू नये. पण उत्तर जरूर लिहावं, भांडायला मी तयार आहे :)