टॉवर नको, हातातला फोन आवरा

पालकसभा असो की ग्रामसभा, पोरांच्या मोबाइलचा विषय निघाला की कुणीतरी हमखास उठतं आणि म्हणतं, "संध्याकाळी दोन तास गावातलं नेटच बंद करून टाका, म्हणजे कटकट मिटली." या मागणीमागची तळमळ मला पुरती समजते. नववीतला मुलगा रात्री अकरापर्यंत रील सरकवत बसलाय आणि आईबाप हताश आहेत, हे चित्र आता उमरग्यात तेच आणि परंड्यातही तेच. पण ही मागणी चुकीची आहे. धाराशिव जिल्ह्यातल्या माणसाने तर ती करूच नये.

त्याचं कारण याच जिल्ह्याने भोगलेलं आहे. 2020च्या खरिपात ऑक्टोबरच्या पावसाने सोयाबीन पाण्यात गेलं आणि हजारो शेतकऱ्यांचा पीकविमा अडला. का, तर नुकसान झाल्यापासून 72 तासांच्या आत कंपनीला कळवलं नाही म्हणून. ते प्रकरण उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठापर्यंत गेलं आणि 2022मध्ये निकाल शेतकऱ्यांच्या बाजूने लागला. ते 72 तास ज्यांनी असे मोजले, त्यांनी नेट बंद ठेवायची मागणी करावी? पाऊस संध्याकाळचे दोन तास सोडून पडत नाही. विम्याची सूचना फोनवरून जायची, ई-पीक पाहणीचा फोटो फोनवरूनच चढतो, केवायसीचा ओटीपी फोनवर येतो, आणि भूमच्या खवावाल्याचे पैसेही आता संध्याकाळी फोनवरच जमा होतात. एका वाफ्यात पाणी तुंबलं तर शेतकरी तिथलं दारं मोडतो, धरणाचे दरवाजे पाडा म्हणून अर्ज करत नाही.

शिवाय हा अधिकार ग्रामसभेला नाही आणि जिल्हाधिकाऱ्यांनाही नाही. दूरसंचार सेवा तात्पुरती बंद करण्याचे नियम 2017मध्ये आले, 2024मध्ये ते नव्याने झाले. त्यांनुसार असा आदेश राज्यात गृहसचिवांनी काढायचा असतो, तोही सार्वजनिक आणीबाणी किंवा सार्वजनिक सुरक्षेच्या कारणासाठीच. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी 2020च्या अनुराधा भसीन निकालात बजावलं आहे की नेटबंदी बेमुदत ठेवता येत नाही आणि तिचा आदेश जाहीर करावाच लागतो. फेब्रुवारी 2024मध्ये मराठा आंदोलनाच्या काळात शेजारच्या बीडसह जालना आणि छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यांत इंटरनेट बंद झालं, तेव्हा दुकानदारापासून विद्यार्थ्यापर्यंत कुणाकुणाचं काय अडलं ते आपल्याकडच्या सोयऱ्याधायऱ्यांनी फोन लागल्यावर सांगितलंच आहे. पोराच्या अभ्यासासाठी तेच आपल्या दारात मागून आणायचं?

यावर जरा शहाणपणाचा पर्याय पुढे येतो: सगळं नेट नको, फक्त नको ती अ‍ॅप नेटवर्कवरच अडवा. ऐकायला हे पटतं. अडचण अशी की नेटवर्कला आतलं दिसत नाही. फोन आणि सर्व्हर यांच्यातली वाहतूक आज बहुतेक सगळी कूटबद्ध असते. मोबाइल कंपनीला फार तर कळतं की अमुक फोन यूट्यूबशी जोडलेला आहे. त्यावर दहावीच्या भूमितीचा धडा चाललाय की गाण्यांचे तुकडे, हे तिला कळत नाही, कारण दोन्ही एकाच ठिकाणाहून येतात. आणि फोन कुणाच्या हातात आहे, आजोबांच्या की नातवाच्या, हे तर टॉवरला मुळीच ठाऊक नसतं. त्यात व्हीपीएन चालू केलं की यूट्यूबचं नावही झाकतं. ते चालू कसं करायचं हे सातवीतली पोरं एकमेकांना शिकवतात. पूर्वी सायबर कॅफेत एक जोडणी आणि तिच्यावर नजर ठेवणारा एक मालक होता. आता प्रत्येक सिमकार्ड ही स्वतंत्र वाट आहे आणि गावाची म्हणून एक वेस उरलेली नाही.

वरून घातलेल्या बंदीचं फळ आपण पाहिलेलंही आहे. 29 जून 2020ला केंद्राने टिकटॉकसह 59 अ‍ॅपवर बंदी घातली. त्या बंदीची कारणं राष्ट्रीय सुरक्षेची होती, त्यांच्याशी माझा वाद नाही. पण पोरांच्या वेळेचं काय झालं? जुलै संपायच्या आत इन्स्टाग्रामचं रील भारतात आलं आणि तोच अंगठा तसाच सरकत राहिला. त्या सप्टेंबरात पबजी गेलं, पुढच्या वर्षी जुलैत ते नव्या नावाने परतलं. दक्षिण कोरियाने तर 2011मध्ये कायदाच केला: सोळा वर्षांखालच्या मुलांना मध्यरात्रीपासून सकाळी सहापर्यंत ऑनलाइन खेळ बंद, आणि तेही खेळ चालवणाऱ्या कंपन्यांच्या पातळीवर. मुलं आईबापांच्या ओळखक्रमांकाने आत शिरू लागली, खेळ संगणकावरून मोबाइलवर सरकले, आणि दहा वर्षांनी सरकारने तो कायदा मागे घ्यायचं ठरवलं. जगातलं सर्वांत वेगवान नेट असलेल्या देशांपैकी हा एक. त्याला जे साधलं नाही ते आपल्या तालुक्याच्या टॉवरवरून कसं साधणार?

आता सर्वांत वजनदार आक्षेप. "तुम्ही म्हणता फोनवरच आवरा. पण फोनचं कुलूप पोरगं दोन दिवसांत उघडतं, आणि आईला तर सेटिंग कुठे असतं तेही माहीत नाही." हा आक्षेप खरा आहे. अँड्रॉइडमध्ये अ‍ॅपला वेळमर्यादा लावता येते, आयफोनमध्ये स्क्रीन टाइम 2018पासून आहे, गूगलचं फॅमिली लिंक आहे. पण ही सोय मुळात ज्या घरात प्रत्येकाचा वेगळा फोन असतो त्या घरासाठी बेतलेली. फॅमिली लिंकला मुलाचं वेगळं खातं आणि त्या खात्याचा वेगळा फोन लागतो. आपल्याकडे एकच फोन असतो, तो वडिलांचा असतो, आणि त्याचा पॅटर्न घरातल्या धाकट्यालाही पाठ असतो. अशा फोनवर नुसत्या कुलपाचा भरवसा धरणारा फसणारच.

म्हणूनच मला जकेकूरवाडीचं महत्त्व फार वाटतं. उमरगा तालुक्यातलं हे दीड हजार वस्तीच्या आसपासचं गाव 2023च्या सुरुवातीला बातम्यांत आलं, ते संध्याकाळी सहा ते आठ गावातले टीव्ही आणि मोबाइल बंद ठेवण्याच्या ठरावामुळे. त्याआधी सांगली जिल्ह्यातल्या मोहित्यांचे वडगाव या गावाने त्याच कामासाठी संध्याकाळी सातचा भोंगा सुरू केला होता. या गावांनी टॉवरला हात लावला नाही, कुठलं अ‍ॅप अडवलं नाही, कुणाच्या फोनमध्ये कुलूप घातलं नाही. प्रत्येकाने आपल्या हाताने आपला फोन बाजूला ठेवायचा, एवढंच. म्हणजे नियंत्रण उपकरणावरच राहिलं, वेळ मात्र सगळ्या गावाची एक झाली. "बाकीचे सगळे खेळतायत, मीच का नको" हे पोराचं सर्वांत धारदार हत्यार त्या वेळेपुरतं बोथट झालं. आईची मालिकाही बंद, बापाचं व्हॉट्सअ‍ॅपही बंद, त्यामुळे दुटप्पीपणाचा ठपका कुणावर ठेवता येत नाही. आणि कुणाच्या छातीत कळ आली तर 108 लावायला रेंज जागेवर असते.

यवतमाळ जिल्ह्यातल्या पुसद तालुक्यातलं बान्सी गाव मात्र 2022मध्ये दुसऱ्या वाटेने गेलं. अठरा वर्षांखालच्यांना मोबाइलबंदी, मोडल्यास दंड. हेतू तोच, पण मला ही वाट मान्य नाही. मोठ्यांनी हातातला फोन तसाच ठेवून लहानांना दंड सांगायचा, यात मुलं फक्त लपवायला शिकतात.

"सगळं घरावर टाकलं तर कंपन्या सुटतात," असंही म्हणतात. इथे मी एक गोष्ट मनापासून मान्य करतो. पैसे लावून खेळायची अ‍ॅप ही घरच्या शिस्तीने आवरायची गोष्ट नव्हे, कारण तिथे कर्जाने घरंच्या घरं बुडतात. तिथे सरकारनेच अडवलं पाहिजे, आणि ऑगस्ट 2025च्या ऑनलाइन गेमिंग कायद्याने नेमकी जागा धरली: पैशांचा खेळ चालवणं गुन्हा, त्याची जाहिरात गुन्हा, आणि बँकांनी अशा व्यवहारांना वाट द्यायची नाही. तिथेही पैशाची नाडी आवळली गेली, गावाचं नेट नव्हे. जिथे नेटवर्क खरोखर एकाच्या ताब्यात असतं, म्हणजे शाळेच्या संगणक खोलीत, तिथे मुख्याध्यापकांनी राउटरवर गाळणी जरूर लावावी. तिथे मुलं सारख्या वयाची असतात, काम ठरलेलं असतं, आणि त्या गाळणीने कुणाचा विमा बुडत नाही.

या सगळ्यात एक प्रश्न उरतो आणि तो भूम, वाशी, कळंब भागात टाळता येत नाही. दिवाळीच्या सुमाराला ऊसतोडीला गेलेले आईबाप उन्हाळ्याच्या तोंडाशी परततात. मूल आजीजवळ आणि फोन मुलाजवळ. जकेकूरवाडीचा नियम तिथे लागू करणार कोण? निदान या घरांमध्ये मुलाजवळचा फोन बहुधा वेगळा असतो, म्हणजे फॅमिली लिंक तिथे चालू शकतं: कारखान्याच्या फडावर बसलेला बाप रात्री नऊला गावातला फोन बंद करू शकतो. ते टोळी निघण्याआधी शाळेत बोलावून लावून द्यावं लागेल, बापाच्या फोनवर आणि मुलाच्याही. आपल्या ग्रामसभांनी दसऱ्याच्या आसपास हा एक विषय पत्रिकेवर घ्यावा. टॉवर बंद करायच्या मागणीने मात्र त्या घराचं काहीच साधणार नाही, कारण बापाला पोराचा फोन आवरायचा तर तोही त्याच टॉवरवरून.